मनोहरदादाचं खोगीर

दादा गेला तेव्हाही त्याच्या हातात खोगीर होतं. वैनीचा फोन आला तेव्हा मी हमरापूरला आमच्या कारखान्यात एका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते, आणि आखणी चालू असताना मी फोन घेत नाही हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. तो पुन्हा पुन्हा वाजायला लागला तेव्हा घेतला. वैनी म्हणाली, "वन्सं, हे ओट्यावर पट्ट्याला तेल लावीत बसलेले. मला वाटलं डुलकी लागली..." मी ब्रश पाण्यात ठेवला, आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हा, की जाता जाता हा माणूस कुणाशी दोन शब्द बोलला नाही, चामड्याला खोबरेल चोळत गेला. भाऊ गेल्यावर बहिणीनं असं लिहू नये म्हणतात. पण गेल्या दीड महिन्यात मनोहरदादाबद्दल इतकं गोड गोड छापून आलंय, रोह्यापासून पेणपर्यंत इतक्या बॅनरांवर तो हात जोडून उभा राहिलाय, की त्याला ओळखणाऱ्या एकानं तरी तोंड उघडायला हवं.

खोगीर म्हणजे घोड्याचं नव्हे. कुत्र्याच्या छातीभोवती आणि पाठीवर बांधायचा चामड्याचा जाड पट्टा. दादा त्याला ऐटीत हार्नेस म्हणायचा. मी पहिल्या दिवशी खोगीर म्हटलं, त्याला राग आला, म्हणून मग कायमच खोगीर म्हणत राहिले.

आमचं माहेर अष्टमीचं. शाळा रोह्यात, मध्ये कुंडलिकेचा पूल. बाकीची पोरं पुलावर थांबून पाण्यात खडे टाकायची, आमचा दादा तिथे थांबून खिशातल्या कंगव्यानं केस बसवायचा. शाळेत फोटोवाला आला की पहिल्या रांगेत मधोमध हा. एका गॅदरिंगला नाटकातला शिपाई झाला, एक वाक्य होतं, ते याने तीनदा म्हटलं, कारण टाळ्या मिळाल्या. टाळीचा हा इतका भुकेला माणूस पुढे श्वानपथकात भरती झाला, म्हणजे अशा नोकरीत की जिथे सगळं काम कुत्रं करतं आणि माणसानं मागून गप्प चालायचं असतं. आई म्हणायची, बरं झालं, आता तरी जरा खाली बघायला शिकेल. आईला आपल्या पोरांची पारख होती, पण आशा काही सुटत नव्हती.

रिटायर होऊन तो अष्टमीला परतला आणि बादल नावाचा लॅब्राडोर आणला. हरवलेली माणसं शोधायला कुत्रा तयार करणार म्हणाला. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे हमरापूरला होती. दादा न्यायला आला तर म्हणाली, तुझ्या कुत्र्याच्या वासात मला जेवण जायचं नाय. मग हाच दर रविवारी बादलला घेऊन हमरापुरात यायचा आणि आमच्या मूर्तींच्या मांडवात उभा राहून, ब्रश हातात असलेल्या बायकांपुढे भाषण ठोकायचा. गळ्यातल्या पट्ट्याला दोर बांधला आणि कुत्रं ओढायला लागलं की त्याचा गळा आवळतो, ते मान वर करतं आणि नाक जमिनीपासून सुटतं. हार्नेसमध्ये ओढ छातीवर येते, मान मोकळी राहते, नाक खाली राहतं. म्हणून गळ्यातला पट्टा फिरायला, हार्नेस कामाला. माग सुरू करायच्या जागीच तो चढवायचा, माणूस सापडलं की तिथल्या तिथे उतरवायचा. तो अंगावर असताना लाड नाहीत, खेळ नाही, दुसरा कुठलाच धंदा नाही. मग कुत्र्याला शब्दानंही सांगावं लागत नाही, छातीला चामडं लागलं की त्याला कळतं काय करायचंय. दोर मागे सैल सोडायचा, कुत्र्याला ओढायचं नाही, वळवायचं नाही... हे सगळं त्यानं आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आमच्याकडे डिंक ढवळणारी बाईसुद्धा ते म्हणून दाखवायची.

ही विद्या पक्की होती, हे मी मान्य करते. माझा राग विद्येवर नाही.

लपायला माणूस लागायचं. मला वेळ नसायचा, म्हणून आई तयार झाली. तिला तेव्हाच थोडं थोडं विसरायला व्हायला लागलं होतं, चहा झाला की नाही ते आठवायचं नाही, पण हा खेळ तिच्या डोक्यात पक्का बसला. शाडूच्या गोण्यांमागे, शेजारच्यांच्या गोठ्यात, शेताच्या बांधाआड ती जाऊन बसायची, पदरात सुके बोंबील बांधून. दादा तिला दरवेळी तेच सांगायचा, "आई, बसलीस तिथनं हलू नको. बादल येतोच." आणि बादल यायचा. नाक तिच्या मांडीत खुपसायचा, आई त्याला बोंबील भरवायची आणि अशी हसायची की जणू तिलाच कुणीतरी शाबासकी दिलीय. एकदा ती कंटाळून आधीच उठून घरी आली, तर दादा तिच्यावर ओरडला. मला म्हणाला, "सुमे, कुत्र्यानं माग काढला आणि शेवटाला माणूसच नसलं, तर त्याचं मन मोडतं. पुढल्या वेळी ते नाक लावत नाय. शेवटाला कुणीतरी बसलेलं पायजेच." आई हिरमुसली. त्यानंतर ती कधी जागेवरून उठली नाही.

मग एकदा रोह्यामागच्या डोंगरात देवाला गेलेले एक आजोबा वाट चुकले आणि बादलनं त्यांना एका झऱ्यापाशी शोधून काढलं. चांगलं काम झालं. तिथे थांबायला हवं होतं. पण अष्टमीत भाऊ म्हणवून घेणारे एक पुढारी आहेत. त्यांचं नाव मी इथे छापणार नाही, कारण छापलेलं नाव कापून ते लॅमिनेट करतात. त्यांना सत्काराशिवाय झोप लागत नाही, स्वतःचा मिळाला नाही तर दुसऱ्याचा करतात, फोटोत शेजारी उभं राहता येतं तेवढ्यावर त्यांचं भागतं. त्यांनी दादाला मंडळाच्या स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. आणि भाऊ म्हणाले, कुत्रा असा नुसताच काय आणलात, त्याचं ते जाकीट चढवा ना, रुबाब दिसतो.

दादानं चढवलं.

जो माणूस आम्हाला महिनोन् महिने बजावत होता, त्यानं स्टेजवर, लाऊडस्पीकरपुढे, कुत्र्याला हार्नेस चढवला. बादलनं आधी नाक खाली घातलं, बिचारा माग शोधायला लागला. लोक हसले. दादानं त्याला बसवलं, उजवा पंजा वर करायला लावला, भाऊंनी पेढा भरवला, टाळ्या. पुढे ते गणपती, ते नवरात्र, शाळांची स्नेहसंमेलनं, माघी गणपती, एकही स्टेज सुटलं नाही. कुणीतरी चामड्यावर पितळी पट्टी ठोकून दिली, तीवर बादलचं नाव. मी एकदा विचारलं, दादा, खोगीर कामाला असतं ना? तर म्हणाला, कुत्र्याला कळतं गो, तू तुझे गणपती रंगव. आणि कुत्र्याला कळलंच. खोगीर चढलं की बसायचं, पंजा वर करायचा, पेढा मिळतो. त्यानं आपल्या मालकापेक्षा लवकर धडा घेतला.

शिमग्याच्या पुनवेनंतरची गोष्ट. परदेशी जाणाऱ्या मूर्ती खोक्यात भरायची घाई होती. दुपारी आई घरात दिसेना. मांडवात नाही, गोठ्यात नाही, शाडूच्या गोण्यांमागे नाही. मागच्या दारातून वाट निघते ती शेतावरून जिते गावाकडच्या खारात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत जाते, पुढे मिठागरं, त्यापुढे खाडी, आणि त्या दिवशी उधाणाची भरती होती. ती वाट चुकली की लपायला गेली, देव जाणे. मी दादाला फोन केला. एवढं सगळं झाल्यावरही माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती. मला वाटलं, बाकी कसाही असो, हे तर त्याला येतं.

तो आला तेव्हा मागच्या अंगणात निम्मं गाव जमलेलं. दादानं आईची गोधडी मागून घेतली, बादलच्या नाकाला लावली, आणि खोगीर चढवलं. बादलनं भोवतीची गर्दी बघितली. बसला. उजवा पंजा वर केला.

गर्दीत कुणीतरी हसलं. दादा हळू आवाजात म्हणाला, "शोध." बादलनं दुसरा पंजा वर केला, मग उठून एका माणसाच्या खिशाला नाक लावून पेढा हुंगायला लागला. दादानं दोर ओढला. ओढायचा नाही म्हणून ज्यानं आमचे कान किटवले, त्यानं तो दोर असा हिसडला की कुत्रं केकाटलं. मग उभा राहून म्हणतो कसा, गोधडीला सगळ्यांचे हात लागलेत, वास मिसळलाय. पाण्याकडून वारा आहे. माणसं फार आहेत. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की यातलं एकही त्याला स्वतःलाच पटत नव्हतं. गावातली माणसं मग आपापली चार दिशांना गेली. दादा अंगणात खोगीर सोडवत बसला होता, त्याला बकल निघेना.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. मिठागरावर काम करणारी चंद्राबाई, तिथेच खोपीत राहते, तिला दिसली. भरतीचं पाणी अडवायला बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या आडोशाला आई चिखलात पाय सोडून बसलेली, ओलीचिंब, पदराला बोंबील बांधलेले. चंद्राबाई तिला खोपीत चल म्हणाली तर उठेना. काय म्हणाली ते चंद्राबाईनं मला तेव्हाच सांगितलं, आणि आईला ताप भरून ती पाऊस लागायच्या आत गेली, तेव्हा तेराव्याला सगळ्यांच्या देखत मी ते दादाला सांगितलं. आई म्हणाली होती, "नको बाय, मी हलले तं मनोरच्या कुत्र्याला गावायची नाय."

दादा पानावरून उठून गेला. त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही. भाऊबीजेला नाही, आईच्या श्राद्धाला नाही. मीही बोलावलं नाही, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. वैनीकडून कळायचं, की बादलला त्यानं नुसता पाळला, म्हातारा होऊन मरेपर्यंत. स्टेजं सुटली. मग ठकी नावाची एक गावठी, पिवळी कुत्री घेतली आणि तिला शिकवायला लागला. पितळी पट्टी उपटून काढली, चामड्याला भोकं राहिली तेवढी. पेणला एका लग्नात तो मला समोरासमोर भेटला. म्हणाला, "बरी हायस ना गो?" मी म्हटलं, तुला काय करायचंय. तर म्हणाला, ठकी चांगली तयार झालीय. बहिणीला इतक्या वर्षांनी भेटून या माणसाला सांगायला कुत्रीच सापडली. मी पंगतीला निघून गेले... तीच शेवटची भेट.

आता शोकसभेचं ऐका. अष्टमीत, दादाच्याच अंगणात, भाऊंच्या अध्यक्षतेखाली. मोठा फोटो, तोही जुना, स्टेजवरचा, शेजारी पंजा वर केलेला बादल. श्वानप्रेमी, समाजभूषण, मुक्या जिवांचा सखा. दादा कसला श्वानप्रेमी? कुत्र्याला पोरासारखं कडेवर घेणाऱ्या माणसांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. वक्त्यांपैकी निम्म्यांनी त्याला तोंडावर कुत्रेवाला म्हणून हिणवलेलं मी ऐकलंय. एकजण तर कवितेसारखं काहीतरी वाचत होता आणि मधूनच मोबाइल बघत होता. हे सगळं मी गिळलं. पण मग भाऊ वैनीजवळ येऊन वाकून म्हणाले, वहिनी, ठकीला ते जाकीट चढवून फोटोपाशी बसवलं तर? शेवटचा नमस्कार केल्यासारखं दिसेल. वैनी बिचारी रडत होती, तिनं मान हलवली. मी उठले, आत जाऊन खुंटीवरचं खोगीर पिशवीत घातलं आणि ठकीला गळ्यातल्या पट्ट्यानं धरून मागच्या दारानं बाहेर पडले. भाऊ मागून आले, "ताई, असं काय करता, पेपरवाले आलेत." मी म्हटलं, तुम्ही बसा ना पंजा वर करून. आणि कारखान्याच्या टेम्पोत, मूर्तींच्या गवतात ठकीला बसवून हमरापूरला आणलं. वैनीला ती सांभाळणं झेपणार नव्हतंच.

ठकी आमच्याकडे धड जेवेना. मागच्या दाराजवळच्या खुंटीला मी खोगीर अडकवलं होतं, त्याखाली ती पडून असायची. एका रविवारी सकाळी तिनं मागच्या दाराला नखं घासायला सुरुवात केली. मी वैतागले, म्हटलं, घे बाई, हेच पायजे ना तुला, आणि अंगणात नेऊन ते तिच्या छातीवर आवळलं. तिला हुंगायला मी काही दिलं नव्हतं, एक शब्द बोलले नव्हते. तिनं नाक जमिनीला लावलं आणि निघाली. दोर हातातून सटासट सुटला, मी टोक धरून मागे. शेतावरून, बांधावरून, खाराच्या वाटेनं. कुठे थांबणं नाही, मागे बघणं नाही. मला धाप लागली, चप्पल एक चिखलात राहिली. मिठागराशी आलो, आणि ठकी सरळ त्या उघाडीपाशी जाऊन थांबली.

तिथे कुणी नव्हतं. ती इकडे गेली, तिकडे गेली, परत तिथेच आली, आणि माझ्याकडे बघायला लागली.

खोपीतून चंद्राबाई बाहेर आली. म्हणाली, "आज तू आणलंस का तिला? मला सांगाचं नाय का, मी बसले असते." मी विचारलं, तू कशाला? तर म्हणाली, दादा यायचा ना, इतकी वर्षं, रविवारी, उन्हं तापायच्या आत. तुझ्या मागल्या दारापासनं मला चालत यायला लावायचा. कधी शेतातनं, कधी तळ्याच्या कडेनं, पण बसायचं इथंच, आई बसलेली तिथं. मग तो कुत्रीला घेऊन यायचा. पावसात मीठ नसलं तरी यायचा. "मी बोलले त्याला, दादा, बहिणीकडं जा की, एवढ्या दारात येतंस. तं बोलाचा, आधी ठकी पक्की होऊं दे."

आमच्या कारखान्यातल्या दोघीतिघींना हे ठाऊक होतं, नंतर कळलं. दादाचं नाव काढलं की मी ब्रश आपटते म्हणून कुणी बोललं नाही. आणि शेवट कायम एकाच जागी ठेवला तर कुत्रं वास घेत नाही, जागा पाठ करतं, हे तर त्यानंच आम्हाला भाषणात सांगितलेलं. म्हणजे ते शिकवणं नव्हतंच. मूर्ख माणूस! आई गेल्यानंतर वर्षानुवर्षं तो तिला शोधून काढत होता, माझ्या पाठीमागून, माझ्या मागच्या दारापासून, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही.

ठकी अजून बघत होती. शेपटी हळूहळू खाली जात होती. मी चंद्राबाईच्या हातात दोर दिला आणि जाऊन उघाडीच्या आडोशाला, त्या चिखलात, नव्या साडीसकट बसले. ठकी आली, नाक माझ्या मांडीत खुपसलं आणि तशीच राहिली. माझ्या पदराला बोंबील नव्हते. चंद्राबाई खोपीत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आली, दादाचा डबा, तिथेच ठेवलेला असायचा. त्यातला बोंबील मी ठकीला भरवला, आणि तिथल्या तिथे बकल सोडवून खोगीर उतरवलं. तेलाचा वास येत होता त्याला, खोबरेलाचा.

आता ते मागच्या दाराजवळच असतं. भाऊंच्या माणसाचा दोनदा फोन आला, स्मारकाच्या काचेच्या कपाटात ठेवायला हवंय म्हणून. रविवारी ते लागतं, असं मी सांगितलं. त्या दाराला दिवसा आम्ही कधीच कडी घालत नाही, दादाला हे लहानपणापासून माहीत होतं, आईचीच ती सवय. नुसतं ढकलायचं होतं.